कुरुंदवाडकडील उपवासाचा नैवेद्य व हविष्यान्नाची जुनी यादी

उपवासाच्या दिवशीं देवापुढें कोणतें ताट ठेवावें, हा विषय इतिहाससंशोधनाच्या कक्षेंत येतो कीं नाहीं, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. सनदा, महजर, करीने, निवाडपत्रें यांच्या पंक्तीस साबुदाण्याची खिचडी बसविणें त्यांस विजोड वाटेल. परंतु ज्यांच्या संग्रहीं जुनीं बाडें आहेत त्यांस हें ठाऊक आहे कीं, व्रतकथेच्या पोथीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पुष्कळदां सामानाची यादी खरडलेली असते, आणि पोथीचें वर्णन करणारा ती यादी ‘इतर किरकोळ मजकूर’ या सदराखालीं ढकलून मोकळा होतो. त्या किरकोळ मजकुराचें मोल काय, आणि तो वाचतांना कोणत्या शब्दांनीं फसगत होण्याचा संभव आहे, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विवेचनासाठीं आम्हीं कुरुंदवाड व त्याच्या आसपासचा कृष्णाकांठ घेतला आहे. कारण तेथील घरगुती आचारांत जुन्या-नव्या थरांची सरमिसळ फार स्पष्ट दिसते.

कुरुंदवाड हें कृष्णा-पंचगंगांच्या संगमाजवळचें, शिरोळ तालुक्यांतील गांव. पटवर्धन घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. १८५४ सालीं संस्थानाची थोरली पाती व धाकटी पाती अशी वांटणी झाली, आणि १९४८ सालीं दोन्ही पात्या मुंबई प्रांतांत विलीन झाल्या. पंचगंगेपलीकडे नरसोबाची वाडी हें दत्तपादुकांचें क्षेत्र. पूर्वेस व दक्षिणेस थोड्याच अंतरावर कानडी मुलुखाची शीव. पटवर्धनांबरोबर कोंकणांतून आलेलीं वैदिक घराणीं, देशावरील जुनीं घराणीं, दत्तसंप्रदायी, पंढरीचे वारकरी व कानडीकडील वैष्णव हीं सर्व येथें एकाच पाणवठ्यावर नांदलीं. अशा ठिकाणीं एका घरचा निर्बंध दुसऱ्या घरीं सहज जातो, आणि दोन पिढ्यांनंतर तो ‘आमच्या कुळाचा’ म्हणून सांगितला जातो.

आज या भागांतील सामान्य घरीं एकादशीचा नैवेद्य कसा होतो तें प्रथम सांगतों. आदल्या रात्रीं साबुदाणा धुऊन, पाणी निथळून, दाणा जेमतेम ओला राहील इतकेंच पाणी ठेवून झांकून ठेवितात. पाणी अधिक झाल्यास सकाळीं त्याचा गोळा होतो व कमी पडल्यास दाणा चिवट राहतो. म्हणून हें काम घरांतील जाणती बाईच करिते. सकाळीं स्नान करून, चूल अथवा शेगडी सारवून-पुसून, रोजच्या फोडणीच्या डब्यास हात न लावितां वेगळीं भांडीं घेतात. शेंगदाणे भाजून, सालें पाखडून त्यांचा जाडसर कूट करितात. तुपांत जिरें व हिरवी मिरची घालून त्यावर साबुदाणा, कूट व शेंदेलोण; हळद, मोहरी व हिंग वर्ज्य. कोथिंबिरीविषयीं एकमत नाहीं. एका घरीं ती चालते, शेजारच्या घरीं चालत नाहीं. यांखेरीज वऱ्याचे तांदूळ व दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस किंवा तुपांत परतलेल्या चकत्या, उकडलेल्या बटाट्याची भाजी, केळें, दूध, क्वचित् शिंगाड्याच्या पिठाचा शिरा अथवा राजगिऱ्याचा लाडू. देवापुढें पाण्यानें चौकोनी मंडल करून त्यावर पात्र ठेवितात. विष्णूचा नैवेद्य असेल तर त्यावर तुळशीचें पान, शिवाचा असेल तर बेल, गणपतीचा असेल तर दूर्वा. भोंवतीं उदक फिरवून पंचप्राणांच्या आहुतींचे मंत्र म्हणावयाचे, मध्यें पाणी सोडावयाचें, आणि मग तोच प्रसाद घरच्या माणसांनीं घ्यावयाचा. विधि इतकाच. त्याला पुरोहित लागत नाहीं, दक्षिणा लागत नाहीं, आणि त्याची नोंद कोणत्याहि दप्तरांत होत नाहीं.

आतां हें ताट घेऊन शास्त्राकडे जावें. व्रताच्या दिवशीं कोणतें अन्न घ्यावें, याविषयीं धर्मनिबंधांत उद्धृत झालेली हविष्यान्नाची एक प्रसिद्ध यादी आहे. तींत प्रथम हेमंतांत पिकणारा पांढरा, न उकडलेला तांदूळ येतो. नंतर मूग, जव, तीळ, वाटाणा, राळे व देवभात. मग वास्तुक, कालशाक, मुळा इत्यादि शाका. केमुक सोडून इतर कंद. सैंधव व समुद्राचें मीठ. गाईचें दहीं व तूप. न काढलेल्या सायीचें दूध. फणस, आंबा, हिरडा, पिंपळी, जिरें, नारिंग, चिंच, केळें, आंवळा. गूळ वगळून उसाचे इतर पदार्थ. आणि शेवटीं हें सर्व तेलांत न तळलेलें असावें, अशी अट. येथें एक गोष्ट संस्कृतज्ञ वाचकांनीं ध्यानांत घ्यावी. गुळाविषयींचा शब्द संधींत आहे, आणि संधि सोडवितांना त्यांतला निषेधाचा ‘अ’ निसटला तर अर्थ नेमका उलटा होतो. मराठी भाषांतराची पोथी हातीं आल्यास या जागीं भाषांतरकारानें काय केलें आहे हें अवश्य पाहावें. त्यावरून त्याचें संस्कृत किती पक्कें होतें हें कळतें, आणि तो गुळाच्या मुलुखांतला होता काय याचाहि कधीं कधीं सुगावा लागतो.

ही यादी व वरील ताट एकमेकांशेजारीं ठेवावें म्हणजे विस्मय वाटतो. यादीच्या अग्रभागीं असलेले तांदूळ, मूग व जव हे आजच्या उपवासाला सर्वथा निषिद्ध. आणि आजच्या ताटाच्या अग्रभागीं असलेले साबुदाणा, शेंगदाणा, बटाटा व मिरची यांचा यादींत मागमूस नाहीं. दूध-तूप गाईचें असावें असें यादी सांगते, परंतु या पंचक्रोशींत दूध मुख्यतः म्हशीचें. वाडीची बासुंदीहि म्हशीच्याच दुधाची, आणि ती देवास चालते. गूळ यादीस नको, पण करवीर प्रांतांत गूळ नाकारणार कोण? मिळतात ते जिरें, सैंधव, केळें व कंद. मग हें ताट अशास्त्र म्हणावयाचें काय? कांहीं सुधारकांनीं तसें म्हटलें आहे, आणि कांहीं सनातन्यांनीं त्यावर उलट सारवासारव केली आहे. आमच्या मतें दोघांचाहि रोख चुकला आहे. कारण दोघेहि एकाच नियमाचा विचार करितात, आणि ताटांत मात्र दोन निराळे नियम एकत्र आले आहेत.

संस्कृत निबंधकार आहारनियमाचे निदान चार प्रकार वेगळे मानितात. एकभुक्त म्हणजे दिवसां एकदांच जेवणें. नक्त म्हणजे दिवसभर न खातां रात्रीं एकदांच जेवणें. अयाचित म्हणजे न मागतां मिळेल तेवढेंच घेणें. आणि उपवास म्हणजे अन्नाचा पूर्ण त्याग. हविष्यान्नाची यादी पहिल्या तिहींसाठीं आहे. ज्यानें जेवावयाचेंच आहे त्यानें काय जेवावें, हें ती सांगते. म्हणून तिच्यांत तांदूळ व मूग आहेत. एकादशी ही चौथ्या प्रकारांत मोडते. त्या दिवशीं धान्यांत पाप वस्तीस येतें अशी पुराणांची भाषा आहे, आणि म्हणून तेथें धान्य वर्ज्य. परंतु पूर्ण निराहार सर्वांस झेपत नाहीं, हें धर्मकारांस ठाऊक होतें. महाभारताच्या उद्योगपर्वांत व्रताचा भंग न करणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत : पाणी, मूळ, फळ, दूध, तूप, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचें वचन व औषध. निबंधकारांनीं हें वचन उचलून धरिलें आहे. आजच्या फराळाचें सर्व घर या आठ खांबांवर, किंबहुना त्यांतील ‘मूळ’ व ‘फळ’ या दोन खांबांवर उभें आहे. ‘फराळ’ हा शब्दच ‘फलाहार’ या शब्दापासून आलेला आहे.

मराठींत मात्र चारहि प्रकारांस एकच ‘उपास’ हा शब्द उरला. भाषेंत भेद बुजला म्हणजे आचारांतहि बुजतो. श्रावणी सोमवार हें वस्तुतः नक्तव्रत. सायंकाळीं शिवास वरणभाताचा नैवेद्य दाखवून उपास सोडावयाचा. संकष्टीस चंद्रोदयानंतर तांदळाच्या पिठाच्या मोदकांचा नैवेद्य होतो, तेंहि नक्तच. या दोन्ही दिवशीं शास्त्राप्रमाणें दिवसभर कांहींच घ्यावयाचें नाहीं, आणि रात्रीं हविष्यान्न जेवावयाचें. परंतु दिवसा भूक आवरावी म्हणून एकादशीचा फराळ या दिवसांतहि शिरला. सकाळीं साबुदाणा व रात्रीं वरणभात, म्हणजे एकाच दिवसांत चौथ्या नियमाची सवलत व दुसऱ्या नियमाचें जेवण. पंढरीच्या वारीमुळें एकादशी महाराष्ट्रांत सर्व व्रतांहून लोकप्रिय झाली, आणि तिच्या नियमानें इतर व्रतांवर आपली छाया टाकली, असें आमचें अनुमान आहे. हविष्याची जुनी यादी मात्र समूळ नाहींशी झाली नाहीं. श्रावणांत सुवासिनी शिवास मूठ वाहतात. क्रमानें तांदूळ, तीळ, मूग, जव व पांचवा सोमवार असल्यास सातू. हविष्ययादीचा प्रारंभ याच धान्यांनीं होतो. ताटांतून गेलेली यादी मुठींत शिल्लक राहिली.

यावरून सामानाच्या यादीचा पहिला उपयोग निघतो. यादींत तांदूळ व मूगडाळ असून वर व्रताचें नांव असेल, तर तें व्रत त्या घरीं नक्त किंवा एकभुक्त म्हणून पाळलें जात होतें. दोन्ही प्रकारचें सामान असेल तर सरमिसळ झालेली आहे. नैवेद्यावरून व्रताचा प्रकार ओळखतां येतो. पोथींतील कथेवरून पुष्कळदां येत नाहीं, कारण कथा सर्वत्र सारखीच नकललेली असते.

आतां एकेका पदार्थाकडे वळूं. सर्वांचा सारखा विस्तार करण्याचें कारण नाहीं. सुरण, शिंगाडा, केळें व कवठ हे जुनेच. त्यांविषयीं वाद नाहीं. वाडीस कवठाची बर्फी प्रसादाच्या दुकानांतून मिळते, तिचें द्रव्य कपित्थ म्हणून संस्कृतांत सर्वत्र आढळतें. वऱ्याचे तांदूळ नांवानें तांदूळ असले तरी जातीनें तृणधान्य. श्यामाक, कंगु व नीवार यांच्या वर्गांतले. स्मृतींत हें मुनींचें अन्न म्हणून मानलें आहे, आणि त्याच वाटेनें वरी एकादशीस आंत आली. कांहीं कडव्या वैष्णव घरीं तीहि धान्यच म्हणून चालत नाहीं. त्यांचें म्हणणें तर्कास धरून आहे.

रताळ्याचें प्रकरण अधिक मनोरंजक आहे. ‘रताळें’ हा शब्द ‘रक्तालु’ या संस्कृत शब्दापासून आलेला. सोळाव्या शतकांतील भावप्रकाशांत आलुकांचे अनेक प्रकार दिले आहेत, आणि त्यांत रक्तालुक आहे. तो तांबूस रंगाचा, वेलीस येणारा कोनफळाच्या जातीचा कंद. आज आपण ज्यास रताळें म्हणतों तो वेल मूळचा अमेरिकेंतला. पोर्तुगीज दर्यावर्दी इकडे येऊं लागल्यावर तो हिंदुस्थानांत आला, आणि त्यानें जुन्या कंदाचें नांव बळकाविलें. याच्या उलट बटाटा. हा पोर्तुगीजांचा ‘बाताता’ शब्द. आणि मौज अशी कीं, कॅरिबियन बेटांतील मूळ भाषेंत तो रताळ्याचाच वाचक होता. म्हणजे नव्या रताळ्यास आम्हीं जुन्या कंदाचें नांव दिलें, आणि रताळ्याचें स्वतःचें नांव तिसऱ्याच कंदास दिलें. मोल्सवर्थच्या कोशांत बटाटा व साबुदाणा हे दोन्ही शब्द आले आहेत; त्याची दुसरी आवृत्ति १८५७ ची. तेव्हां एखाद्या सतराव्या शतकांतील मानलेल्या बाडांत ‘बटाटा’ आढळल्यास त्या पानाच्या वयाचा फेरविचार करावा. परंतु ‘रताळें’ आढळल्यास त्यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. तो शब्द दोन्ही काळांत होता, वस्तु मात्र बदलली.

शेंगदाणाहि दक्षिण अमेरिकेंतला. आमच्या भागांत त्याचें पीक एकोणिसाव्या शतकांत वाढलें, आणि तेव्हांपासून तो कूट, आमटी, लाडू व तेल अशा चारहि रूपांनीं स्वयंपाकघरांत आला. त्याचें नांव भुईमूग. मूग हविष्य असून एकादशीस वर्ज्य. भुईमूग यादींत नसून एकादशीस ग्राह्य! वस्तुतः तो शेंगेंत येणारा द्विदल दाणा आहे, आणि द्विदल तर कार्तिकांत स्पष्टपणें निषिद्ध. असें असतां तो चालला कसा? आम्हांस यांत गृहिणींचा न्याय दिसतो. जें जमिनीखालून उपटून काढावयाचें तें मूळ. शेंग जमिनीखालून निघते, म्हणून ती मुळाच्या वर्गांत गेली. वनस्पतिशास्त्राप्रमाणें हें वर्गीकरण बरोबर नाहीं, परंतु मीमांसेच्या दृष्टीनें पाहिल्यास यांत पद्धति आहे. नवा पदार्थ आला असतां त्याच्यासाठीं नवें वचन कोणीं रचिलें नाहीं. जुन्या वचनांतील एका शब्दाच्या पोटांत त्यास बसविलें. मिरचीचेंहि तसेंच. यादींत तिखटासाठीं पिंपळी आहे. मिरची अमेरिकेहून आली, मिऱ्यावरून तिनें नांव घेतलें, आणि फळ म्हणून ताटांत बसली. पुष्कळ घरीं हिरवी मिरची चालते व वाळलेली तांबडी चालत नाहीं, याचा उलगडा यानेंच होतो. हिरवी असेतों ती फळ, वाळून दळली कीं ती मसाला.

सीताफळ व रामफळ यांचीं नांवें एवढीं धार्मिक आहेत कीं, त्यांस परदेशी म्हणणें कोणासहि रुचणार नाहीं; तरी बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ या दोन्ही वृक्षांचें मूळ अमेरिकेंत मानितात. पेरूविषयीं तर वादच नाहीं. दाण्याचा राजगिराहि बहुधा तिकडचाच, पालेभाजीचा माठ मात्र येथला.

साबुदाण्याचें थोडें विस्तारानें सांगावें लागेल. कारण तो आज उपवासाचा जणुं पर्यायशब्द झाला आहे, आणि सर्वांत अलीकडचा तोच. मूळ साबुदाणा म्हणजे मलाया द्वीपसमूहांतील एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यापासून काढलेल्या पिठाचे दाणे. शब्दहि मलायी भाषेंतील ‘सागु’ यावरून आलेला. तो समुद्रमार्गें इकडे येई, आणि आजाऱ्यास पेज देण्यासाठीं वाण्याकडून पुडीनें आणिला जाई. आमच्या मतें उपवासांत त्याचा प्रवेश आजाऱ्याच्या अंथरुणावरून झाला. वरील आठ अपवादांत शेवटचा ‘औषध’ आहे हें विसरूं नये. जें आजाऱ्यास व्रतदिनीं चालतें तें अशक्तास चालतें, जें अशक्तास चालतें तें वृद्धांस, आणि तेथून सर्व घरास. आज मिळणारा साबुदाणा मात्र ताडाचाहि नाहीं. ब्राझीलकडील टॅपिओका या झाडाच्या मुळापासून तो करितात. त्रावणकोरांत या झाडाची लागवड एकोणिसाव्या शतकांत राजाश्रयानें वाढली. १९४२ च्या आरंभीं जपानी सैन्यानें मलाया व सिंगापूर घेतल्यावर तिकडील माल बंद पडला, आणि त्या सुमारास मद्रास इलाख्यांतील सेलम येथें या मुळापासून दाणे करण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे १९४० पूर्वींच्या जमाखर्चांत ‘साबुदाणा’ असेल तर तो परदेशचा माल, आणि त्यानंतरच्या जमाखर्चांत तो बहुधा सेलमचा. नांव, रूप व उपयोग तेच राहून द्रव्य पालटलें. आणि गंमत अशी कीं, पालट झाल्यावरच तो खऱ्या अर्थानें ‘मूळ’ झाला. ताडाचा गाभा ना मूळ ना फळ. शास्त्राची अडचण युद्धानें दूर केली, असें कोणी विनोदानें म्हटल्यास आम्ही हरकत घेणार नाहीं.

ऋषिपंचमीचा नैवेद्य या सर्वांहून वेगळ्या कसोटीवर चालतो. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें कांहींहि घ्यावयाचें नाहीं. नांगराविना उगवलेलें देवभात, परसांतील भाज्या व कंद एवढेंच. त्या भाजींत अळू, माठ, सुरण, पडवळ, भेंडी, काकडी, चिंच यांबरोबर मक्याचें कणीस व तांबडा भोपळा घालितात. मका व तांबडा भोपळा दोन्ही अमेरिकेचे. ऋषींच्या नांवें होणाऱ्या भाजींत, ज्यांचें नांवहि ऋषींच्या कानावर गेलें नव्हतें अशीं द्रव्यें आहेत. पण कसोटी मोडली नाहीं, कारण तीं परसांत, कुदळीनें खणलेल्या वाफ्यांत येतात. येथेंहि पदार्थ नवा व नियम जुना. कृष्णाकांठचीं वांगीं एवढीं नांवाजलेलीं असूनहि चातुर्मासांत तीं वर्ज्य करणारीं घरें या गांवांत होतीं व आहेत. आषाढ शुद्ध नवमीस कांदे-वांगीं खाऊन मग चार महिने त्यांचें नांव घ्यावयाचें नाहीं. स्थानिक पिकाच्या लोभापुढें नियमानें मान तुकविली नाहीं, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां या क्षेत्रास विशेष जिव्हाळ्याचा असा एक पदार्थ. गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायांत अमरापुरच्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आहे. नृसिंहसरस्वती त्याच्या घरीं भिक्षेस गेले असतां तो घरीं नव्हता. त्याच्या स्त्रीनें दारच्या वेलाच्या घेवड्याच्या शेंगा शिजवून वाढल्या. जातांना गुरूंनीं तो वेलच तोडून टाकला, घरांत आकांत झाला, आणि पुढें वेलाचें मूळ खणतांना द्रव्याचा कुंभ सांपडला. अमरापुर म्हणजे वाडीसमोर कृष्णेपलीकडील औरवाड, असें परंपरा मानिते. म्हणून दत्तसंप्रदायी घरांत घेवड्याची भाजी गुरूंस प्रिय म्हणून नैवेद्यांत असते. घरगुती नैवेद्याची या प्रदेशांतील ही सर्वांत प्रसिद्ध कथा; आणि ती पक्वान्नाची नसून परसांतल्या शेंगांची आहे.

प्रश्न असा कीं, हा घेवडा कोणता? आज बाजारांत ‘घेवडा’ मागितला तर बहुधा श्रावणघेवडा मिळतो. तो अमेरिकेचा. नृसिंहसरस्वतींचा काळ पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत येतो. कोलंबसाची पहिली सफर १४९२ ची, आणि वास्को द गामा कालिकतास उतरला तो १४९८ सालीं. तेव्हां कथेंतला घेवडा म्हणजे पावट्या-वालाच्या जातीचा, मांडवावर चढणारा देशी वेल, ज्यास संस्कृतांत निष्पाव म्हणतात. आणि येथेंच खरी अडचण उभी राहते. निष्पाव हा चातुर्मासांत स्पष्टपणें निषिद्ध सांगितला आहे. गुरुद्वादशी आश्विन वद्यांत, म्हणजे चातुर्मासांत येते. शास्त्राचा निषेध पाळावा तर गुरूंचा प्रिय नैवेद्य चुकतो, आणि नैवेद्य करावा तर निषेध मोडतो. या पेंचांतून श्रावणघेवड्यानें वाट काढून दिली असावी, असें आम्हांस वाटतें. तो नांवानें घेवडा, म्हणून कथेस चालतो. जातीनें निष्पाव नव्हे, म्हणून निषेधांत सांपडत नाहीं. जे लोक देशी वेलाचाच आग्रह धरितात ते आठ अपवादांतील ‘गुरूचें वचन’ पुढें करितात, आणि त्यांचाहि पक्ष दुबळा नाहीं. शिरोळ येथें भोजनपात्राचें जें मंदिर आहे तेथील कथेंतहि दरिद्री घरच्या साध्या भिक्षेचाच महिमा आहे.

वरील विवेचन आम्हीं मुख्यतः छापील ग्रंथांच्या आधारें केलें आहे. हेमाद्रीच्या चतुर्वर्गचिंतामणीचा व्रतखंड तेराव्या शतकांतला, कमलाकरभट्टाचा निर्णयसिंधु १६१२ चा, विश्वनाथाचा व्रतराज १७३६ चा, आणि पंढरपुरच्या काशीनाथ उपाध्यायांचा धर्मसिंधु १७९०-९१ चा. या मालिकेंत व्रतें वाढत गेलेलीं दिसतात, पण स्वयंपाकघरांतील पालट दिसत नाहीं. निबंधकार वचनें गोळा करितो, बाजाराची यादी करीत नाहीं. पाकशास्त्राच्या बाजूनें रघुनाथ गणेश नवहस्ताचें सतराव्या शतकांतील भोजनकुतूहल आहे, तंजावरच्या भोसल्यांच्या पदरचें शरभेंद्र पाकशास्त्र आहे, आणि छापील मराठी पुस्तकांत रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें १८७५ चें सूपशास्त्र व लक्ष्मीबाई धुरंधर यांचें १९१० चें गृहिणीमित्र. परशुराम कृष्ण गोडे यांनीं जिलबीसारख्या पदार्थाचा इतिहास हस्तलिखितांतून शोधून १९४३ सालीं मांडला. तो नमुना डोळ्यांपुढें असतां फराळाचा इतिहास अशक्य म्हणतां येत नाहीं. परंतु या सर्वांतून सुटतें तें सामान्य घर. तें सांपडतें फक्त बाडांच्या शेवटच्या पानांत, लग्न-मुंजीच्या याद्यांत व वाण्याच्या खात्यांत.

पटवर्धनी कागदांचें थोर काम मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनीं केलें. तेहि शाळेंत संस्कृत शिकवीत, हें या पेशांतल्या मंडळींस अभिमानाचें आहे. त्यांच्या ऐतिहासिक लेखसंग्रहांत मुख्यतः राजकीय पत्रें आलीं, आणि त्या काळीं तेंच योग्य होतें. लढायांचा काळनिर्णय झाल्याखेरीज मुदपाकखान्याकडे वळणें शोभलें नसतें. आतां तो अडसर राहिलेला नाहीं. दुसरा अडसर मात्र वाढला आहे. २००५, २०१९ व २०२१ या सालांच्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचें पाणी या भागांतील घरांत शिरलें. अशा वेळीं दागिने, दस्तऐवज व फार तर देवघरांतील पोथी वर चढते. स्वयंपाकघराच्या फडताळांतील वह्या व चिटोरीं खालींच राहतात. ओल्या कागदाची रद्दीहि होत नाहीं, चिखलाबरोबर तो फावड्यानें ओढला जातो.

संग्राहकांनीं अशी यादी हातीं आल्यास तिच्यांतील पदार्थ, वजन व किंमत जशीं लिहिलीं आहेत तशींच उतरून घ्यावीं. शुद्धलेखन सुधारूं नये, ‘रताळें’ किंवा ‘घेवडा’ यांचा अर्थ कंसांत आपल्या मनानें देऊं नये. वजन शेर-छटाकांत आहे कीं किलोंत, हिशेब आणे-पैंत आहे कीं दशमान पैशांत, यावरून यादी १९५७-६२ च्या अलीकडची कीं पलीकडची हें तत्काळ ठरतें. व्रताचें नांव व सामान एकत्र उतरावें, तुटक नव्हे. आणि पोथी विकत घेतांना विक्रेता शेवटचें खरडलेलें पान ‘हें कांहीं पोथींतलें नव्हे’ म्हणून काढून बाजूस ठेवूं लागला, तर तें मागून घ्यावें.